०.२ की ०.३५ : मामांच्या एअरब्रशचं प्रकरण

माझे मामा आयुष्यभर लेथवर उभे राहिले. शतांश मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटांना कळतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी प्लास्टिकची स्केल मॉडेल्स जोडायला घेतली आणि जोडकामात दुसऱ्याच किटला ते माझ्या पुढे गेले. सांधे असे घासायचे की पुट्टीची गरजच पडायची नाही. रंग मात्र हातब्रशने द्यायचे, आणि तिसरं किट हाती येईपर्यंत त्यात काही अडलंही नव्हतं.

तिसरं किट होतं मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं, १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. या विमानाच्या पंखांवर वरच्या अंगाला दोन करड्या छटा असतात, आरएलएम ७४ आणि आरएलएम ७५ (हे जर्मन हवाई मंत्रालयाच्या रंगयादीतले क्रमांक). पोट आणि बाजू फिकट निळसर, आरएलएम ७६. आणि त्या फिकट बाजूंवर गडद रंगांचे ठिपके, कडा विरत गेलेले. खऱ्या विमानावर ते फवाऱ्यानेच मारलेले असत, त्यामुळे त्यांना ठाम कड अशी नसतेच. हातब्रशने काढलेला ठिपका बिबट्याच्या अंगावरच्या डागासारखा दिसतो. मामांनी चार वेळा काढले, चार वेळा पुसले, आणि मला न विचारता एअरब्रश, म्हणजे हवेच्या झोताने रंग फवारणारं पेनाएवढं अवजार, मागवला.

तो एअरब्रश का चालला नाही आणि त्याच्या जागी दुसरा कसा निवडला, ते इथे सविस्तर लिहिते आहे. मामांची चूक अजाणतेपणाची नव्हती. ती एका तरबेज कारागिराची, अगदी तर्काला धरून झालेली चूक होती, आणि पहिला एअरब्रश घेणारे पुष्कळ जण तीच करतात.

पहिली खरेदी

मामांचा विचार सरळ होता. दोन मिलिमीटरच्या ड्रिलने एक मिलिमीटरचं भोक पडत नाही. तसंच बारीक ठिपका हवा असेल तर नोझलचं, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या तोंडाचं, भोक बारीक हवं. बाजारात ०.२ पासून ०.५ मिलिमीटरपर्यंतची नोझलं दिसली, त्यांनी ०.२ घेतलं. संचात डबल अ‍ॅक्शन एअरब्रश होता (ज्यात हवा आणि रंग वेगवेगळे आवरता येतात) आणि त्याच्याच बुडाला बसणारा, बॅटरीवर चालणारा मुठीएवढा कॉम्प्रेसर. रंग त्यांनी पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक निवडले, कारण ज्या खोलीत ते काम करतात तिथेच त्यांची नात झोपते. लॅकरचा, म्हणजे तीव्र वासाच्या द्रावकातल्या रंगांचा, वास त्या खोलीत नको, हे त्यांनी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. ही अट पुढे सगळ्या निर्णयाच्या मुळाशी राहिली.

आठवड्याभरात फोन आला. "अगं, हा थुंकतोय. दोन मिनिटं बरा चालतो, मग गप्प होतो, आणि मग एकदम पचकन उडवतो. रंगाच्या कपात बुडबुडे येतात ते वेगळंच."

त्यांनी रंग थोडा पातळ करून पाहिला होता, नोझल उघडून साफ केलं होतं, पुन्हा घट्ट बसवलं होतं. "नीट आवळलंय ना मी, तरी गळतंय," असं ते म्हणाले. "नीट आवळलंय" हे शब्द ऐकूनच मला अंदाज आला होता.

भिंगाखाली

मी गेले तेव्हा रंग काढूच दिला नाही. आधी एअरब्रश पूर्ण उघडून टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर मांडला. एअरब्रशच्या आत फार काही नसतं. निमुळती होत गेलेली एक पोलादी सुई. ती पुढे ज्यात घुसून बसते ते शंकूच्या आकाराचं छोटं नोझल. नोझलच्या भोवतीने वेगाने जाणारी हवा. बोटाने ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई मागे सरकते, नोझलचं तोंड उघडतं आणि तोंडाशी कमी झालेल्या दाबामुळे रंग खेचला जाऊन त्याचे कण होतात. चार्ल्स बर्डिक यांनी १८९२ मध्ये ज्या रचनेचं पेटंट घेतलं, तिचंच तत्त्व आजही चालू आहे. मामांना ही माहिती फार आवडली. सव्वाशे वर्षं टिकलेली रचना म्हटल्यावर त्यांनी सुई पुन्हा हातात घेऊन फिरवून पाहिली.

भिंगाखाली तीन गोष्टी दिसल्या.

सुईच्या टोकाला वाळलेल्या रंगाची कॉलर होती. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग हवेच्या झोतात फार लवकर वाळतात. टोकावर थर चढतो, वाट अडते, मग मागून दाब येऊन तो थर सुटतो आणि रंगाचा एक थेंब मॉडेलवर जाऊन बसतो. मामांचं "थुंकणं" ते हेच.

नोझलच्या तोंडापासून मागे जाणारी केसासारखी एक भेग होती. हे नोझल आट्यांचं होतं, तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठं, आणि त्याचे आटे शिवणाच्या दोऱ्यासारखे. संचात एक चिमुकला पाना होता. ज्या हातांनी चाळीस वर्षं चक घट्ट केला, त्या हातांनी ते आवळलं. अशा नोझलला बोटांच्या जोराने बसवून वर पान्याचा नुसता स्पर्श पुरतो. भेगेतून हवा मागे रंगात शिरत होती, कपातले बुडबुडे तिथून येत होते. कपात बुडबुडे दिसले की पहिला संशय नोझलवर घ्यायचा, ते नीट बसलेलं नाही किंवा तडकलंय. रंगाला किंवा तो पातळ करणाऱ्या थिनरला दोष देण्यात वेळ जातो.

तिसरी गोष्ट भिंगाखालची नव्हती. कागदावर सरळ रेघ मारली की ती जाड-बारीक, जाड-बारीक येत होती. छोट्या कॉम्प्रेसरला टाकी नव्हती. पंपाचा प्रत्येक ठोका थेट फवाऱ्यात उतरत होता.

आता मुख्य मुद्द्यावर येणं भाग होतं. मी म्हटलं, "मामा, हा ड्रिल नाही. हा नीडल व्हॉल्व्ह आहे."

ते दोन क्षण गप्प राहिले. मग सुई नोझलमध्ये घालून भिंगाखाली हळूहळू मागे घेऊ लागले. निमुळती सुई भोकात बसलेली असते. ती किती मागे जाते त्यावर भोवतीची फट ठरते. ०.३५च्या नोझलमध्ये सुई केसभर मागे घेतली तर उघडलेली फट ०.२च्या पूर्ण उघड्या भोकापेक्षा कितीतरी लहान असते. नोझलवरचा आकडा जास्तीत जास्त किती रंग जाऊ शकेल ते सांगतो. कमीत कमी किती जाईल, ते सुईचं टोक, तिचा उतार, रंगाचा पातळपणा, हवेचा दाब आणि ट्रिगरवरचं बोट मिळून ठरवतात.

मग भोक लहान घेतल्याने हाती काय आलं, याचा हिशेब त्यांनी स्वतःच केला. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं. ०.४च्या तुलनेत ०.२च्या वाटेला चौथाई जागा. रंगाचा कण, वाळलेला कचरा, धूळ मात्र तेवढीच. लवकर वाळणारा रंग आणि अरुंद तोंड ही जोडी त्यांनी स्वतःच्या हाताने जमवली होती.

आधी काम मोजलं

दुसरा एअरब्रश शोधण्याआधी मी त्यांना काम मोजायला बसवलं. मॉडेलच्या बाबतीत ही सवय फार कमी लोकांना असते आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. खऱ्या विमानावरचा वीतभर ठिपका, म्हणजे साधारण २२ सेंटिमीटर, १/७२ मध्ये तीन मिलिमीटरचा होतो. त्याची विरलेली कड खऱ्यावर पाच सेंटिमीटर धरली तर मॉडेलवर ती ०.७ मिलिमीटर. म्हणजे आपल्याला हवा होता तीन मिलिमीटरचा ठिपका आणि त्याच्याभोवती पाऊण मिलिमीटरहून कमी विरण. केसाएवढी रेघ लागणारच नव्हती.

दुसऱ्या बाजूला मोठं काम. जी-६चा पंखांचा पल्ला ९.९२ मीटर, मॉडेलवर १३.८ सेंटिमीटर. त्यावर प्रायमर, खालचा रंग, वरचे दोन रंग, डेकलआधी (डेकल म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) चकचकीत वार्निश, शेवटी मॅट वार्निश. मामांच्या कपाटात रांगेत उभं होतं १/४८चं एक विमान आणि १/३५चा एक शर्मन रणगाडा, ज्याचा सांगाडाच १७ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. ठिपक्यांचं काम एका संध्याकाळचं, बाकीचं काम महिन्यांचं. एअरब्रश महिन्यांच्या कामासाठी घ्यायचा आणि त्यातून त्या एका संध्याकाळचं काम होतं का ते तपासायचं, असा क्रम आम्ही लावला. ०.२ने शर्मनला प्रायमर मारायला बसणं म्हणजे पिचकारीने शेत भिजवणं.

चमच्यांवरची चाचणी

तपासण्यासाठी मी माझा ०.३ नोझलचा, वरच्या कपाचा एअरब्रश आणि टाकीचा कॉम्प्रेसर घेऊन गेले. सोबत प्लास्टिकच्या पांढऱ्या चमच्यांचं पाकीट. चमच्याचा फुगीर भाग विमानाच्या अंगासारखा गोलाईचा असतो, त्यामुळे सपाट कार्डापेक्षा त्यावरची चाचणी खरी ठरते. प्रत्येक चमच्याच्या दांड्यावर मामांनी बारीक अक्षरात नंबर टाकला आणि वहीत त्यासमोर मिश्रण, दाब आणि अंतर लिहीत गेले. रंग मुद्दाम तोच ठेवला, त्यांच्याच बाटलीतला पाण्याचा अ‍ॅक्रिलिक.

पहिला चमचा बाटलीतला रंग न पातळ करता, २५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाने, दहा सेंटिमीटरवरून. पृष्ठभाग खरखरीत आला, पॉलिश पेपरसारखा. रंगाचे कण वाटेतच वाळून चमच्यावर पडले होते. सुईच्या टोकावर पुन्हा कॉलर.

दुसऱ्याला एक भाग रंग, एक भाग थिनर, १८ पीएसआय. गुळगुळीत थर. तळरंगासाठी हे पुरेसं होतं, मामांनी चौकट करून ठेवलं.

तिसऱ्या-चौथ्याला एक भाग रंगाला दोन भाग थिनर केलं, पण दाब २५वरच ठेवला आणि अंतर तीन सेंटिमीटरवर आणलं. ठिपक्याच्या मध्यातून चहूबाजूंना रंगाच्या तंगड्या धावल्या, कोळ्याच्या पायांसारख्या. पातळ रंगाला हवा पुढे ढकलत नेते तेव्हा असं होतं. बहुतेक जण इथेच "माझं नोझल मोठं आहे" असा निष्कर्ष काढतात. दोष दाबाचा असतो.

पाचव्याला मिश्रण तेच, वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब जास्तीचे, दाब १२ पीएसआय. सुईच्या टोकावरची रक्षक टोपी काढून ठेवली, कारण इतक्या जवळून मारताना हवा त्या टोपीवर आपटून मागे फिरते. अंतर दोन ते तीन सेंटिमीटर. आधी हवा सोडली, ती चालू ठेवून ट्रिगर मागे नेला न नेला असा नेला, परत पुढे आणला, आणि मग हवा थांबवली. मग तेच पुन्हा त्याच जागी, तीन-चार वेळा. एका झटक्यात ठिपका भरायचा नाही, तो धुक्यासारखा जमू द्यायचा.

मामांनी व्हर्नियर कॅलिपर आणला. वाळलेल्या ठिपक्यावर जबडे अलगद टेकवले, वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "दोन पॉइंट आठ."

०.३च्या नोझलमधून, त्यांच्याच रंगाने, हव्या त्या मापापेक्षा लहान ठिपका आला होता. त्या दिवशी आम्ही बावीस चमचे रंगवले. शेवटचे नऊ मामांच्या हातचे. त्यातला एकही २.८चा नव्हता, बहुतेक चार ते पाच मिलिमीटरचे होते, पण एकही थुंकलेला नव्हता.

कोणता घ्यायचा

सिंगल अ‍ॅक्शनचा विचार लवकर संपला. त्यात बटण दाबलं की हवा आणि रंग एकत्र सुटतात आणि रंगाचं प्रमाण आधीच स्क्रूने ठरवून ठेवावं लागतं. प्रायमर आणि वार्निशला तो उत्तम, शिकायला सोपा. पण पाचव्या चमच्यावर जे केलं, हवा चालू ठेवून रंग हळूच आणणं आणि हळूच नेणं, ते त्यात होत नाही. खालून बाटली लावायचा सायफन प्रकारही बाजूला ठेवला. रंग वर चढवायला त्याला जास्त दाब लागतो, आणि आपल्याला १२ पीएसआयवर काम करायचं होतं. वरच्या कपातून रंग स्वतःच्या वजनाने उतरतो, चार थेंबांवरही काम भागतं. पिस्तुलासारख्या मुठीचे एअरब्रश ज्यांचं बोट दुखतं त्यांनी जरूर पाहावेत. मामांच्या बोटांना ती अडचण नव्हती.

उरले वरच्या कपाचे डबल अ‍ॅक्शन, ०.३ ते ०.४ दरम्यानचे. इथे नावं घेते, कारण वाचणाऱ्याला त्यांचाच उपयोग होतो. जीएसआय क्रिऑसचा प्रोकॉन बॉय पीएस-२८९, ०.३ नोझल, हवा कमी-जास्त करायचा स्क्रू अंगातच. इवाटाचा एक्लिप्स एचपी-सीएस, ०.३५ नोझल. हार्डर अँड स्टीनबेकचा इव्होल्यूशन, ज्याच्या एका संचात ०.२ आणि ०.४ अशी दोन नोझलं मिळतात. बॅजरचा पॅट्रिअट १०५ हाही भला एअरब्रश आहे, पण त्याचं ०.५चं नोझल रणगाड्यांच्या बाजूला झुकतं.

माझं मत पीएस-२८९कडे होतं. मामांनी ते मान्य केलं नाही, आणि त्यांचं कारण माझ्यापेक्षा चांगलं निघालं. पीएस-२८९चं नोझल आट्यांचं. एक्लिप्स आणि इव्होल्यूशनमध्ये नोझलला आटे नाहीत, ते शंकूसारखं आपल्या जागेत बसतं आणि वरून टोपी त्याला धरून ठेवते. "टेपर टेपरात बसतो, आपोआप मध्यावर येतो. पाना नाही, म्हणजे मी तो तोडणार नाही," असं ते म्हणाले. पाण्याचा अ‍ॅक्रिलिक वापरणाऱ्याला नोझल दर बैठकीला काढून धुवावं लागतं. वर्षाला शंभर-दीडशे वेळा उघडायची वस्तू हाताने उघडणारी हवी, या एका निकषावर निवड झाली. रेघेच्या बारीकपणात या तिघांत नवशिक्याला कळेल असा फरक नाही. धुण्यात आहे.

मग एक्लिप्स आणि इव्होल्यूशन. इव्होल्यूशनमध्ये ०.२चं नोझल सोबत येतं ही त्याची जमेची बाजू. मामांनी नेमकं त्याच कारणासाठी तो नाकारला. "ते शेजारी असलं की मी घालून बघणार. आधी एकावर हात बसू दे." ०.३५चा एक्लिप्स ठरला. त्यासोबत एक जादा सुई आणि एक जादा नोझलही मागवायला लावलं. कोणताही एअरब्रश घेताना त्याची सुई आणि नोझल सुटं मिळतं का हे आधी पाहावं. मामांच्या पहिल्या संचाचं सुटं नोझल कुठेच मिळत नव्हतं, त्यामुळे एका भेगेने सगळा संच निकामी झाला.

हवेची बाजू

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. तीन लिटरची टाकी, दाबाचा रेग्युलेटर, पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप. या तीन गोष्टी असलेला, तेल न लागणारा पिस्टन कॉम्प्रेसर घेतला. टाकीतला दाब ३ बारपर्यंत उतरला की तो सुरू होतो आणि ४ बारला थांबतो. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, तेव्हा आपल्या १२-१८च्या कामाला तो भरपूर. दाबलेली हवा थंड होताना तिच्यातलं पाणी सुटतं, ट्रॅप नसेल तर तो थेंब ऐन ठिपक्यावर येतो.

एक बारीक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवावी. काटा वाचायचा तो हवा वाहत असताना. ट्रिगर सोडलेला असताना २० दिसतं, दाबला की काटा चार-पाच आकडे उतरतो. मामांनी पहिले दोन दिवस उभ्या दाबावर १२ लावले आणि मग फवारा का येत नाही म्हणून चिडले.

वास नसला तरी हवेतले रंगाचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातातच. मामांनी खिडकीबाहेर हवा फेकणारा छोटा स्प्रे बूथ बसवला आणि कणांचा मास्क लावायला सुरुवात केली. नात खोलीत असताना काम नाही, हा नियम त्यांचाच. लॅकर वापरायचं असेल तर हा मास्क पुरत नाही, सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा लागतो.

विमानावर

मामांनी आधी तीन संध्याकाळी कागदावर काढल्या. पाच मिलिमीटरच्या चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीच्या मधोमध ठिपका. मग ठिपके जोडणाऱ्या रेघा. तिसऱ्या दिवशीच्या कागदावर खालच्या ओळींतले ठिपके एकसारखे दिसायला लागले होते.

बीएफ १०९वर आरएलएम ७६चा तळरंग दुसऱ्या चमच्याच्या कृतीने, एक रात्र वाळू दिला. मग बाजूंवर ठिपके. दर मिनिट-दोन मिनिटांनी थांबून ओल्या कापसाने सुईचं टोक पुसायचं, हे मी सांगितलं होतं. पाण्याच्या रंगाला तेवढं करावंच लागतं. ०.३५च्या नोझलने ते टळत नाही, फक्त पुसायला वेळ मिळतो, थुंकण्याआधी खूण कळते. डाव्या बाजूचे ठिपके चार मिलिमीटरचे आले, म्हणजे खऱ्यावर फूटभराचे. उजव्या बाजूला हात बसला होता, ते तीनच्या जवळ. जिथे जास्त दाट झाले तिथे मामांनी आरएलएम ७६ आणखी पातळ करून वरून हलकं धुकं मारलं आणि सगळं एकमेकांत मिसळून गेलं. खऱ्या विमानांवरही हे काम ठिकठिकाणी वेगवेगळ्या हातांनी झालेलं असल्यामुळे दोन बाजूंचा फरक मला तरी खटकत नाही. मामांना खटकतो.

वाकलेली सुई

पाचव्या आठवड्यात फवारा एका बाजूला जाऊ लागला. मामांनी दाब बदलला, मिश्रण बदललं, नोझल दोनदा धुतलं. फोनवर मी म्हटलं, सुई काढा आणि टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून फिरवा. एका जागी ते नखाला खरवडलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, भिंगाखाली टोकाचा शेवटचा धागा आकड्यासारखा वळलेला होता. सुई मागून परत घालताना ती नोझलच्या आतल्या कडेवर टेकली होती.

जादा सुई होती म्हणून काम थांबलं नाही. वाकलेली सुई मात्र मामांनी सोडली नाही. काचेवर २५०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून पसरला, सुई जवळजवळ आडवी धरली आणि टोक मागच्या दिशेने ओढत बोटांत फिरवत राहिले. टोकाकडे कधीच ढकलायचं नाही. वीस मिनिटांत ती सरळ झाली. आता तीच सुई रोजच्या कामाला आहे आणि नवी डबीत. हे काम सगळ्यांना साधणार नाही, ज्यांना जमत नसेल त्यांनी सुई बदलावी. पण नखाची परीक्षा प्रत्येकाने शिकावी, कारण बाजूला जाणाऱ्या फवाऱ्याचं कारण फार वेळा तिथेच सापडतं.

धुण्याबाबत दोनच गोष्टी त्यांना निक्षून सांगितल्या होत्या. अमोनिया असलेला काच पुसायचा द्रव वापरू नये, तो पितळी अंगाला आणि त्यावरच्या मुलाम्याला खातो. आणि अख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये, हवेच्या व्हॉल्व्हमधली रबरी रिंग फुगते.

सहा महिन्यांनी

मागे वळून पाहताना माझ्याकडूनही एक चूक झाली असं वाटतं. मामांनी किटचा विषय काढला तेव्हाच मी चमचे घेऊन जायला हवं होतं. दुसऱ्याच्या एअरब्रशवर आपला रंग तासभर मारून पाहणं हे खरेदीआधीचं सगळ्यात उपयोगी काम आहे, आणि आम्ही ते खरेदीनंतर केलं.

०.२चं नोझल निरुपयोगी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लॅकरसारखा बारीक कणांचा, नीट पातळ होणारा रंग असेल, हात बसलेला असेल आणि काम खरोखर मिलिमीटरच्या आतलं असेल तर ते आपलं वेगळेपण दाखवतं. आता नेमकं तसंच काम समोर आहे. मामांनी पुढचं किट घेतलंय इटलीच्या माकी सी.२०२चं, १/७२ मध्येच. त्या विमानावर धुराच्या वेटोळ्यांसारख्या कड्यांचा कॅमोफ्लाज असतो. खऱ्यावर कड्याची रेघ चार बोटं रुंद धरली तर मॉडेलवर ती जेमतेम एक मिलिमीटरची होते, आणि ती वळवायची असते.

या वेळी त्यांनी काहीही मागवलेलं नाही. नात गावाला गेली आहे, तेवढ्या दिवसांसाठी कार्ट्रिजचा मास्क आणून, बूथ चालू ठेवून ते ०.३५मधूनच पातळ लॅकरच्या चाचण्या घेत आहेत, १० पीएसआयच्या आसपास. वहीची नवी पानं मला रोज पाठवतात. काल एकेचाळीसाव्या चमच्यावरची वळणदार रेघ १.३ भरली. चाळीसाव्यावर १.५ होती.